रकाने परत परत का सरकतात? टॅब आणि कॉलम जागेवर आणण्याचे उपाय

यादी स्क्रीनवर सरळ दिसते. नाव, त्यापुढे पद, त्यापुढे क्रमांक, सगळे एका रेषेत. मग फॉन्ट बदलला, एखादे नाव जरा लांब निघाले किंवा फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली, की रेषा मोडते. कोणीतरी स्पेसबार दाबून ती पुन्हा जुळवतो आणि पुढच्या बदलाला ती पुन्हा मोडते. अशा फाइली ज्यांच्याकडे दुरुस्तीला येतात त्यांना हे वाक्य पाठ असते: "काल सरळ केलं होतं, आज परत वाकडं झालं."

परत वाकडे होण्याचे कारण बहुतेक वेळा एकच. मजकूर कुठे थांबायचा हे परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये सांगायचे असते, आणि आपण ते स्पेस नि टॅब वाढवून साधू पाहतो. स्पेस वाढवून केलेली दुरुस्ती त्या एका ओळीपुरती आणि त्या एका फॉन्टपुरती असते. खालचे उपाय मायक्रोसॉफ्ट वर्ड, लिबरऑफिस रायटर आणि गूगल डॉक्ससाठी आहेत. मेनूंची नावे इंग्रजी मांडणीतली आहेत, फक्त देवनागरीत लिहिली आहेत.

आधी अदृश्य खुणा दाखवा

खुणा न बघता केलेली कोणतीही दुरुस्ती म्हणजे अंधारात मारलेला तीर. वर्डमध्ये कंट्रोल + शिफ्ट + ८ दाबा, किंवा होम पट्टीवरचे ¶ बटण दाबा. रायटरमध्ये कंट्रोल + एफ१०. गूगल डॉक्समध्ये व्ह्यू मेनूत 'शो नॉन-प्रिंटिंग कॅरेक्टर्स', किंवा कंट्रोल + शिफ्ट + पी. या खुणा छापल्या जात नाहीत, त्यामुळे घाबरायचे कारण नाही.

आता बिघडलेल्या ओळीकडे बघा. दोन शब्दांमध्ये ठिपक्यांची रांग असेल तर कोणीतरी स्पेस भरले आहेत. बाण म्हणजे टॅब. लागोपाठ दोन-तीन बाण असतील तर टॅब स्टॉप (टॅब दाबल्यावर मजकूर जिथे जाऊन थांबतो तो थांबा) न लावता टॅब दाबत नेले आहे. बाण एकच, तरीही ओळ शेजारच्या ओळीशी जुळत नाही, तर त्या दोन परिच्छेदांचे टॅब स्टॉप वेगळे आहेत. ठिपक्याऐवजी वर्डमध्ये अंशाच्या चिन्हासारखे छोटे वर्तुळ दिसले तर ती न तुटणारी स्पेस, म्हणजे जिच्यापाशी ओळ मोडत नाही अशी; वेबपानावरून चिकटवलेल्या मजकुरात ती हमखास येते. ओळीच्या शेवटी ¶ (परिच्छेद संपल्याची खूण) ऐवजी वळलेला बाण असेल तर तिथे शिफ्ट + एंटर दाबलेला आहे, म्हणजे ओळ नवी पण परिच्छेद तोच. आणि मजकूर आत सरकलेला आहे पण खूण काहीच नाही, तर ते काम इंडेंटचे, म्हणजे परिच्छेद समासापासून आत घेण्याच्या सेटिंगचे आहे. टॅब शोधण्यात वेळ घालवू नका, रूलरवरचे (पानाच्या वरच्या मोजपट्टीवरचे) त्रिकोण बघा.

एवढ्याने निम्मे निदान होते.

ठिपक्यांची रांग असेल तर

टाइपरायटरवर प्रत्येक अक्षर सारख्या रुंदीचे होते, म्हणून स्पेस मोजून रकाने जुळत. आजच्या फॉन्टमध्ये तसे नसते आणि देवनागरीत तर मुळीच नसते: 'र' अरुंद, 'क्ष' रुंद, जोडाक्षर आडवे पसरेल की उभे रचले जाईल हे फॉन्टवर अवलंबून. त्यातून, फाइलमध्ये मंगल किंवा निर्मला यूआय फॉन्ट असेल आणि ती लिनक्सवर उघडली, तर तिथे तो फॉन्ट सहसा नसतो; प्रोग्राम लोहित किंवा नोटोसारखा दुसरा फॉन्ट लावतो आणि प्रत्येक शब्दाची रुंदी बदलते. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणला की हेच होते. अशा वेळी टॅबने लावलेले रकाने जागेवर राहतात, स्पेसने लावलेले विस्कटतात.

स्पेस काढून टॅब आणायचा सोपा क्रम असा. फक्त यादीचा भाग निवडा, अख्खी फाइल नको. कंट्रोल + एच दाबून रिप्लेसची खिडकी उघडा. न तुटणाऱ्या स्पेस असतील तर आधी त्या साध्या स्पेसने बदला. वर्डमध्ये 'मोअर' उघडून 'स्पेशल' यादीत 'नॉनब्रेकिंग स्पेस' मिळते. मग शोधायच्या चौकटीत दोन स्पेस आणि बदलायच्या चौकटीत 'स्पेशल' मधले 'टॅब कॅरेक्टर' घालून 'रिप्लेस ऑल'. आता काही ठिकाणी चार-पाच टॅब ओळीने आले असतील. म्हणून दोन टॅब शोधून एक टॅब घाला, आणि 'शून्य बदल' असा निरोप येईपर्यंत तेच बटण दाबत राहा. शेवटी 'टॅब आणि त्यानंतर एक स्पेस' शोधून नुसता टॅब घाला, कारण विषम संख्येने दाबलेली एखादी स्पेस नेहमी मागे उरते.

रायटरमध्ये 'रेग्युलर एक्स्प्रेशन्स' ही खूण चालू करून उलटी तिरकी रेघ आणि तिला जोडून इंग्रजी छोटे टी लिहिले की तो टॅब समजला जातो.

एक सावधगिरी मात्र हवी. एखाद्या ओळीत मधला रकाना मुद्दाम रिकामा असेल, तर तिथले दोन टॅब बरोबरच आहेत. ते एक झाले की त्या ओळीचा क्रमांक पदाच्या रकान्यात जाऊन बसतो आणि छापून येईपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. रिप्लेस करण्याआधी रिकाम्या जागी एक आडवी रेघ टाइप करून ठेवा.

दोन-तीन बाण असतील तर

तुम्ही काहीच ठरवले नसेल तर वर्ड दर अर्ध्या इंचावर, म्हणजे १.२७ सेंटीमीटरवर, आपले स्वतःचे थांबे धरून चालतो. छोटे नाव पहिल्या थांब्याच्या आत संपते, त्याला तीन टॅब लागतात. लांब नावाला एक पुरतो. म्हणजे प्रत्येक ओळीत टॅबची संख्या वेगळी. पुढे एखाद्या नावात एक अक्षर वाढले आणि ते थांब्याच्या पलीकडे गेले, की त्या ओळीचा उरलेला भाग एकदम अर्धा इंच उडी मारतो. "एक अक्षर वाढवलं तर सगळी ओळ पळाली" ही तक्रार इथली.

नियम एकच पाळायचा: दोन रकान्यांच्या मध्ये टॅब एकच. जागा कमी-जास्त हवी असेल तर टॅब स्टॉप हलवा, टॅब वाढवू नका.

टॅब स्टॉप लावण्यासाठी यादीच्या सगळ्या ओळी निवडा. रूलर दिसत नसेल तर व्ह्यू मधून चालू करा. वर्ड आणि रायटरमध्ये रूलरवर टिचकी मारली की स्टॉप उमटतो. गूगल डॉक्समध्ये टिचकी मारल्यावर डावा, मधला की उजवा असे विचारले जाते. वर्डमध्ये रूलरच्या डाव्या टोकाला एक छोटा चौकोन असतो, त्यावर टिचक्या मारून स्टॉपचा प्रकार निवडायचा. मोजूनमापून लावायचे असेल तर वर्डमध्ये पॅराग्राफच्या खिडकीत खाली 'टॅब्स' बटण आहे. रायटरमध्ये फॉरमॅट > पॅराग्राफ > टॅब्स. तिथे आकडा लिहा, प्रकार निवडा, वर्डमध्ये 'सेट' दाबा. 'सेट' न दाबता दुसरा आकडा लिहिला की पहिला जातो, हे बऱ्याच जणांना कळत नाही.

तुम्ही लावलेल्या स्टॉपच्या डावीकडचे अर्ध्या-अर्ध्या इंचाचे मूळ थांबे आपोआप रद्द होतात. म्हणूनच एक टॅब पुरतो. आणि म्हणूनच, आधीचे जादा टॅब काढले नसतील तर स्टॉप लावल्यावर यादी आणखी विचित्र दिसते, कारण तिसरा टॅब आता फार लांब जातो. स्टॉप चुकला असे समजून तो काढू नका. जादा टॅब काढा.

प्रकार कोणता निवडायचा? शब्द असतील तर डावा. पूर्णांक असतील तर उजवा. दशांश अपूर्णांक असतील तर 'डेसिमल', म्हणजे दशांशचिन्हे एकाखाली एक येतात. दशांशचिन्ह कोणते धरायचे हे भाषा आणि प्रदेशाच्या सेटिंगवर ठरते. ज्या सेटिंगमध्ये स्वल्पविराम हे दशांशचिन्ह आहे तिथे टिंबावर जुळवणी होत नाही, आणि दोष स्टॉपला दिला जातो. गूगल डॉक्समध्ये डेसिमल प्रकार नाही. तिथे सगळ्या आकड्यांना टिंबानंतर सारखेच अंक द्या आणि उजवा स्टॉप लावा. एकक आकड्याच्या पुढे-मागे प्रत्येक ओळीत लिहिण्यापेक्षा रकान्याच्या डोक्यावर एकदाच लिहिलेले बरे.

वर्डमध्ये 'बार' नावाचा एक प्रकार आहे, त्याने नुसती उभी रेघ येते. त्या छोट्या चौकोनावर चुकून जास्त टिचक्या बसल्या आणि मग रूलरवर टिचकी पडली, की मजकुरात अशी रेघ उगवते: निवडता येत नाही, पुसता येत नाही. चित्र नाही, किनार नाही. टॅब्सच्या खिडकीतून तो स्टॉप काढला की जाते.

बाण एकच, तरी ओळ तिरपी

टॅब स्टॉप ही परिच्छेदाची मालमत्ता आहे आणि वर्डमध्ये ती परिच्छेदाच्या शेवटच्या ¶ खुणेसोबत राहते. प्रत्येक एंटरनंतर नवा परिच्छेद, म्हणजे यादीतली प्रत्येक ओळ स्वतंत्र. कर्सर एका ओळीत ठेवून रूलरवर स्टॉप हलवला तर तेवढीच ओळ हलते. बाकीच्या जागच्या जागी. ही या विषयातली सगळ्यात जास्त आढळणारी चूक आहे आणि ती करणाऱ्याला वाटते की प्रोग्रामच लहरी आहे.

ओळखायचे कसे? सगळ्या ओळी निवडा आणि रूलर बघा. काही स्टॉप फिकट करडे दिसले तर ते निवडलेल्यांपैकी काहीच परिच्छेदांत आहेत. नेमका फरक बघायचा असेल तर वर्डमध्ये शिफ्ट + एफ१ दाबा. उजवीकडे 'रिव्हील फॉरमॅटिंग' उघडते. चांगल्या ओळीत कर्सर ठेवून 'कंपेअर टू अनदर सिलेक्शन' चालू करा, मग बिघडलेली ओळ निवडा. कोणता स्टॉप कुठे वेगळा आहे ते आकड्यांत लिहून येते. हे साधन इतके कमी वापरले जाते की वाईट वाटते. रायटरमध्ये उजव्या पट्टीत 'स्टाइल इन्स्पेक्टर' आहे, तो साधारण हेच दाखवतो.

दुरुस्ती: सगळ्या ओळी निवडून टॅब्सच्या खिडकीत 'क्लिअर ऑल', मग स्टॉप नव्याने लावा. एकेक स्टॉप ओढून जुळवत बसू नका. एकमेकांपासून मिलिमीटरभर अंतरावर दोन स्टॉप तयार होतात, रूलरवर ते एकच दिसतात आणि टॅब दोनदा अडतो. एखादाच स्टॉप काढायचा असेल तर तो रूलरवरून खाली ओढून सोडून द्या. एखाद्याच ओळीचा प्रश्न असेल तर चांगली ओळ ¶ सकट निवडून 'फॉरमॅट पेंटर'ने तिची मांडणी दुसरीवर उतरवता येते.

ओळीतला शेवटचा स्टॉप ओलांडल्यावर टॅब दाबला आणि पुढे उजव्या समासापर्यंत थांबाच उरला नाही, तर मजकूर खालच्या ओळीवर पडतो. तिथे स्टॉप कमी आहे किंवा टॅब जास्त आहे, दोन्हींपैकी एक.

परत येऊ नये म्हणून: स्टाइल

आतापर्यंतचे उपाय हाताने केलेले आहेत. यादी एकदाच करायची असेल तर चालतील. पण दर महिन्याला तोच तक्ता, तोच अहवाल निघत असेल, तर टॅब स्टॉप स्टाइलमध्ये, म्हणजे नाव देऊन साठवलेल्या मांडणीत, गेले पाहिजेत. वर्डमध्ये स्टाइल्सच्या यादीत नवी स्टाइल करा, 'पदाधिकारी यादी' असे काहीही कळणारे नाव द्या, खालच्या 'फॉरमॅट' बटणातून 'टॅब्स' उघडून स्टॉप लावा. रायटरमध्ये एफ११ दाबून पॅराग्राफ स्टाइल्स उघडा, उजवी टिचकी, 'न्यू', मग 'टॅब्स'. नंतर सगळ्या ओळींना ती स्टाइल द्या.

स्टाइल दिली तरी काही ओळी हलत नाहीत. कारण त्यांच्यावर आधी हाताने लावलेले स्टॉप शिल्लक असतात. वर्डमध्ये त्या ओळी निवडून कंट्रोल + क्यू दाबा, परिच्छेदाची हाताने केलेली मांडणी निघून जाते आणि फक्त स्टाइल उरते. रायटरमध्ये कंट्रोल + एम आहे, पण तो अक्षरांचे ठळक-तिरपेही पुसतो, तेवढे लक्षात ठेवा.

दोन खड्डे इथे आहेत. पहिला: स्टॉप 'नॉर्मल' स्टाइलमध्ये लावू नका. बाकीच्या बऱ्याच स्टाइल तिच्यावर बेतलेल्या असतात, त्यामुळे तळटीप, हेडर, सगळीकडे ते स्टॉप झिरपतात. दुसरा: स्टाइलच्या खिडकीत 'ऑटोमॅटिकली अपडेट' ही खूण असते, रायटरमध्ये तिचे नाव 'ऑटोअपडेट'. ती चालू असेल तर एका ओळीत केलेला बदल थेट स्टाइलमध्ये जातो आणि फाइलभरच्या तशा सगळ्या ओळी हलतात. "मी इथे हात लावला आणि तिकडे चाळिसाव्या पानावर बिघडलं" अशी तक्रार आली की मी आधी ही खूण बघतो. सहसा तीच सापडते.

अनुक्रमणिकेचेही असेच. पान क्रमांक उजवीकडे एका रेषेत नसतील तर ते हाताने सरकवून उपयोग नाही. अनुक्रमणिका पुढच्या वेळी अद्ययावत केली की सगळे पुसले जाते. 'टीओसी १', 'टीओसी २' या अनुक्रमणिकेच्या स्टाइलींमध्ये ठिपक्यांच्या रेघेसह उजवा स्टॉप एकाच आकड्यावर लावा.

टॅब दाबला की अख्खा परिच्छेद आत जातो

हा वर्डचा आगाऊपणा. लिहून झालेल्या परिच्छेदाच्या सुरुवातीला कर्सर नेऊन टॅब दाबला की वर्ड टॅब न घालता पहिल्या ओळीचा इंडेंट वाढवतो. पुन्हा दाबला तर पूर्ण परिच्छेद आत ढकलतो. कोणाला आवडते, कोणाला नाही. बंद करायचे असेल तर फाइल > ऑप्शन्स > प्रूफिंग > ऑटोकरेक्ट ऑप्शन्स > 'ऑटोफॉरमॅट ॲज यू टाइप' इथे जाऊन 'सेट लेफ्ट- अँड फर्स्ट-इंडेंट विथ टॅब्स अँड बॅकस्पेसेस' वरची खूण काढा. क्रमांकित यादीत मात्र टॅब म्हणजे एक पायरी आत. तिथून बाहेर यायला शिफ्ट + टॅब.

क्रमांक नऊपर्यंत ठीक, दहापासून बिघाड

क्रमांकित यादीत क्रमांकानंतर प्रोग्राम स्वतःच एक टॅब घालतो. क्रमांक आणि मजकूर यांच्यात ठेवलेली जागा एकअंकी क्रमांकापुरतीच असेल, तर १० आल्यावर क्रमांक त्या थांब्याच्या पलीकडे जातो आणि मजकूर पुढच्या थांब्यावर उडी मारतो. मोठा फॉन्ट असेल किंवा क्रमांकाला कंस असेल तर हे लवकर होते. वर्डमध्ये क्रमांकावर उजवी टिचकी मारून 'ॲडजस्ट लिस्ट इंडेंट्स' उघडा आणि 'टेक्स्ट इंडेंट' चा आकडा वाढवा. तिथेच 'फॉलो नंबर विथ' मध्ये टॅबऐवजी स्पेस निवडता येते, पण मग दुसऱ्या ओळीपासून मजकूर जुळत नाही. मी ते टाळतो. रायटरमध्ये हीच सोय 'बुलेट्स अँड नंबरिंग' च्या 'पोझिशन' भागात आहे. शंभराच्या पुढे जाणारी यादी असेल तर क्रमांक उजवीकडे जुळवलेले चांगले दिसतात.

शब्दांमध्ये अचानक मोठमोठी भगदाडे

दोन्ही समासांना जुळवलेल्या परिच्छेदात ओळीच्या शेवटी वळलेला बाण असेल, तर ती अपुरी ओळही समासापर्यंत ताणली जाते. पत्त्याच्या ओळी, कवितेच्या ओळी यात हे नेहमी दिसते. त्या बाणाच्या आधी एक टॅब टाकला की वर्डमध्ये ताण जातो. हा तात्पुरता इलाज. नीट करायचे तर शिफ्ट + एंटर काढून खरा एंटर द्या आणि परिच्छेदांमधली मोकळी जागा नको असेल तर पॅराग्राफच्या खिडकीत 'डोन्ट ॲड स्पेस बिटवीन पॅराग्राफ्स ऑफ द सेम स्टाइल' निवडा. पूर्ण फाइलभर हाच त्रास असेल तर वर्डच्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये अगदी तळाशी, लेआउटच्या पर्यायांत, शिफ्ट-रिटर्नने संपणारी ओळ न ताणण्याची सोय आहे. रायटरमध्ये ती ऑप्शन्स > लिबरऑफिस रायटर > कम्पॅटिबिलिटी इथे, उलट शब्दांत मांडलेली: तिथली खूण काढायची असते.

हेडरमधला उजवा मजकूर समासापाशी येत नाही

वर्डच्या हेडर आणि फूटर स्टाइलमध्ये मधला आणि उजवा असे दोन स्टॉप आधीच असतात, ३.२५ आणि ६.५ इंचांवर. हे आकडे अमेरिकी लेटर कागदाचे आहेत: ८.५ इंच रुंदी, दोन्ही बाजूंना एकेक इंच समास. ए-फोर कागद २१० मिलिमीटर रुंद, त्यावर तेवढेच समास ठेवले तर मजकुराला १५.९२ सेंटीमीटर उरतात. ६.५ इंच म्हणजे १६.५१. म्हणून पान क्रमांक समासाच्या सुमारे ६ मिलिमीटर बाहेर लोंबतो. पान आडवे केले तर उलट होते, तो मध्येच कुठेतरी थांबतो.

स्टॉपचा आकडा बदलता येतो, पण कागद किंवा समास बदलला की परत तेच. त्यापेक्षा हेडर उघडल्यावर वरच्या पट्टीत 'इन्सर्ट अलाइनमेंट टॅब' आहे तो वापरा: आधीचा साधा टॅब पुसा, तिथे उजवा अलाइनमेंट टॅब घाला आणि तो समासाच्या सापेक्ष ठेवा. समास कुठेही गेला तरी मजकूर त्याच्यामागे जातो.

टॅब सोडून टेबल कधी घ्यायचे

एखाद्या नोंदीचा मजकूर दुसऱ्या ओळीवर जाण्याची शक्यता असेल तर टॅबचा नाद सोडा. टॅबने केलेल्या रकान्यात दुसरी ओळ पानाच्या डाव्या कडेला जाते. ती खाली आणायला लोक मध्ये एंटर मारतात, आणि मग एक शब्द वाढला की सगळे तुकडे एकमेकांत मिसळतात. तिथे किनार नसलेले टेबल हाच मार्ग.

टॅब नीट एकेक असतील तर रूपांतर क्षणाचे आहे. वर्डमध्ये यादी निवडून इन्सर्ट > टेबल > 'कन्व्हर्ट टेक्स्ट टू टेबल', रायटरमध्ये टेबल > कन्व्हर्ट > 'टेक्स्ट टू टेबल', विभाजक म्हणून टॅब. वर्डच्या खिडकीत रकान्यांची संख्या अपेक्षेपेक्षा जास्त दिसली तर कुठेतरी जादा टॅब राहिला आहे. पुढे न जाता 'कॅन्सल' करा आणि तो शोधा. किनारी काढल्यावर 'व्ह्यू ग्रिडलाइन्स' चालू ठेवा, नाहीतर आपण कोणत्या सेलमध्ये आहोत ते कळत नाही.

टेबलचे स्वतःचे रुसवे-फुगवे वेगळे. सेलमध्ये टॅब दाबला की कर्सर पुढच्या सेलमध्ये जातो. खरा टॅब हवा असेल तर कंट्रोल + टॅब. वर्डमध्ये आकड्यांच्या रकान्याला डेसिमल स्टॉप लावला आणि जुळवणी डावी असली, तर टॅब न दाबताच आकडे जुळतात. वर टॅब दाबलात तर बिघडतात. लिहिता लिहिता रकान्याची रुंदी बदलत असेल तर टेबल प्रॉपर्टीज > ऑप्शन्स मधली 'ऑटोमॅटिकली रिसाइझ टू फिट कंटेंट्स' ही खूण काढा. उभी रेघ एका ओळीत तुटून पुढे गेली असेल तर एखादी सेल निवडलेली असताना रेघ ओढली गेली आहे: लगेच लक्षात आले तर कंट्रोल + झेड, नाहीतर पूर्ण रकाना निवडून रुंदीचा आकडा नव्याने द्या.

आणि टेबलची डावी कड समासाबाहेर डोकावते, हा दोष नाही. वर्डच्या जुन्या रचनेत सेलमधला मजकूर समासाशी जुळवला जाई, म्हणून किनार बाहेर येई. वर्ड २०१३ पासूनच्या फाइलींत किनारच समासाशी जुळते. खिडकीच्या शीर्षकात 'कम्पॅटिबिलिटी मोड' लिहिलेले दिसले की फाइल जुन्या रचनेची आहे असे समजायचे.

पानाचे कॉलम खाली-वर

वृत्तपत्रासारखे कॉलम केले आणि पहिला भरलेला, दुसरा अर्धा रिकामा राहिला, तर वर्डमध्ये मजकुराच्या शेवटी 'कंटिन्युअस' सेक्शन ब्रेक (नवे पान न घेता तिथेच विभाग संपवणारी खूण) घाला, दोन्ही कॉलम सारखे होतात. रायटरमध्ये सेक्शनच्या कॉलम सेटिंगमध्ये 'इव्हनली डिस्ट्रिब्यूट कंटेंट्स टू ऑल कॉलम्स' आहे. मजकूर पुढच्या कॉलममध्ये ढकलायला एंटर मारत जाऊ नका. वर्ड आणि रायटर दोन्हींत कंट्रोल + शिफ्ट + एंटरने कॉलम ब्रेक येतो. ब्रेकनंतर रिकामी ¶ खूण उरली असेल तर ती पुढच्या कॉलमच्या माथ्यावर बसते आणि दुसरा कॉलम एक ओळ खाली सुरू होतो. ती पुसा.

ओळी शेजारी-शेजारी जुळत नसतील तर कारण बहुधा ओळीची उंची. देवनागरी आणि रोमन अक्षरे वेगवेगळ्या फॉन्टमधून येतात, त्यांची उंची वेगळी, त्यामुळे एक इंग्रजी शब्द आला तरी त्या ओळीचे अंतर बदलू शकते. 'लाइन स्पेसिंग' मध्ये 'एक्झॅक्टली' निवडून आकडा पक्का करा, रायटरमध्ये 'फिक्स्ड'. शीर्षकाच्या वर-खालची जागा त्याच आकड्याच्या पटीत ठेवा. आकडा फार कमी ठेवलात तर वरचे रफार आणि खालचे उकार कापले जातात, म्हणून 'र्कैं' आणि 'द्धू' सारखी अक्षरे टाइप करून एकदा तपासा.

काहीच लागू पडत नसेल तर

बऱ्याच हातांतून, बऱ्याच प्रोग्राममधून फिरलेल्या फाइलीत असे परिच्छेद सापडतात की ज्यांना स्टाइल, क्लिअर ऑल, काहीच लागू पडत नाही. तिथे आणखी डोके लावण्यात अर्थ नाही. नवी कोरी फाइल घ्या, मजकूर कॉपी करून 'कीप टेक्स्ट ओन्ली' ने चिकटवा, टॅब तेवढे राहतात, बाकी सगळी मांडणी गळून पडते. मग स्टाइल लावा. ठळक अक्षरे पुन्हा करावी लागतील, आणि मजकुरात तळटीपा असतील तर हा मार्ग घेऊ नका, त्या सोबत येत नाहीत. अशा वेळी फक्त बिघडलेला भाग कापून त्याच फाइलीत साधा मजकूर म्हणून परत चिकटवा आणि तळटीपांचे परिच्छेद आहेत तिथेच सोडा.